फारच निरोगी डिस्क

१

बाबांचा आवाज दोनदा हरवला. पहिल्यांदा हरवला तो रीतसर. डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली, पुढचं सगळं समजावून सांगितलं, कागदांवर सह्या घेतल्या, आणि ऑपरेशननंतर बाबा बोलायचे थांबले ते कायमचे. दुसऱ्यांदा मात्र तो कुणाला न सांगतासवरता गेला. स्टुडिओतल्या डिस्कवर ‘अस्वल’ नावाचं एक फोल्डर होतं. सोमवारी संध्याकाळी ते होतं आणि मंगळवारी सकाळी नव्हतं.

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजी पुस्तकं करणारा तो एक छोटासा स्टुडिओ होता. बाबांनी तिथे बसून अर्धं आयुष्य इतरांची पुस्तकं वाचली. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर त्यांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि आपल्या दोन मुलांना लहानपणी रचून सांगितलेल्या विसरभोळ्या अस्वलाच्या गोष्टी माइकसमोर सांगून टाकल्या. हे अस्वल मध कुठे ठेवलाय तेच विसरायचं आणि मग साऱ्या जंगलावर चोरीचा आळ घ्यायचं. या गोष्टी कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. ज्या आवाजात त्या होत्या तो आवाज आता फक्त त्या तळहाताएवढ्या डिस्कवर उरला होता, आणि तिथूनही तो गेला होता.

बाबांची थोरली लेक बिघडलेल्या डिस्का दुरुस्त करायचं दुकान चालवत असे. बाजारात तिला डिस्कताई म्हणत, आणि आता तर सख्खा भाऊसुद्धा चिडवायला तेच म्हणे. त्या मंगळवारी सकाळपासूनच तिच्या कपाळाला आठ्या होत्या. पहाटे झोपेतच कुठल्याशा अनोळखी नंबरावरून फोन आला आणि पलीकडून कुणी बोलेचना, नुसती टकटक. लाइन खराब असेल म्हणून तिनं दोनतीनदा हॅलो केलं आणि बोलायचं नसेल तर फोन कशाला करता, असं झापून तो कापला. मग दुकानाचं शटर वर करताना बोट चेमटलं. चहा सांडला, तो नेमका एका गिऱ्हाइकाच्या कीबोर्डवर. आणि हे सगळं पुसून होतंय तोच स्टुडिओच्या मालकीणबाईंचा मोबाइलवरून फोन, की लगेच निघून या, बाबांच्या गोष्टी चोरीला गेल्यात.

ती पोहोचली तेव्हा मालकीणबाई कंप्युटरसमोर उभ्या होत्या आणि ध्वनिमुद्रण करणारा तरुण कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. हजार आवाजांतून एक चुकलेला श्वास वेगळा काढायची त्याची ख्याती, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत. डिस्क जोडलेली होती. उघडली तर आत इतर पुस्तकांची दोनतीन लहान फोल्डरं आणि बाकी शुकशुकाट.

डिस्कताईनं माउस बाजूला सारला आणि काळी खिडकी उघडली, म्हणजे जिथे चित्रं नसतात, नुसती अक्षरं टाइप करून कंप्युटरला आज्ञा द्यायची असते ती. डिस्क तपासायची आज्ञा एक आणि दुरुस्त करायची दुसरी. आधी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, हा तिचा नियम. तिनं फक्त तपासणीची आज्ञा दिली. अक्षरं सरसर वर सरकत गेली आणि शेवटी पडद्यावर आलं ते वाचून तिनं ते पुन्हा वाचलं. डिस्कमध्ये एकही दोष नाही, काही करायची गरज नाही, असं ते होतं.

"म्हणजे डिस्क खराब नाही?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नाही म्हणतेय तरी."

"मग झालं. खराब नाही म्हणजे कुणीतरी हातानं पुसलंय."

त्यांनी कानसेनकडे बघितलं. डिस्कताई त्या ओळीच्या खालचा तपशील वाचू लागली, एकूण जागा किती, मोकळी किती, आणि तिथे तिला काहीतरी खटकलं. पण नीट बघेपर्यंत मालकीणबाईंनी वायर धरून डिस्क खसकन उपटली, पुरावा आहे म्हणाल्या, आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं.

"अहो, अशी ओढू नका," डिस्कताई म्हणाली.

"रोज अशीच ओढते मी. काही होत नाही."

२

कानसेनशी बोलायला ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेली. भिंतींना जाड काळे गादीचे तुकडे, मध्ये काच, काचेच्या अलीकडे त्याची खुर्ची. त्याचे हेडफोन गळ्यात होते, आणि डोक्यावरच्या केसांत त्या हेडफोनच्या पट्टीनं पडलेली आडवी घडी होती, जणू जन्मापासून तशीच असावी.

त्याची हकीकत साधी होती. ‘अस्वल’ फोल्डर कित्येक आठवडे डिस्कवर नीट होतं. सोमवारी संध्याकाळी त्यानं एका दुसऱ्या पुस्तकाच्या फायली त्याच डिस्कवर चढवायला लावल्या आणि तो घरी गेला. वेळ लागतो, पण आपोआप होतं, त्यासाठी माणूस बसायला लागत नाही. मंगळवारी सकाळी बाईंनी स्टुडिओ उघडला, त्यांच्या मागोमाग तो आला, डिस्क बघितली तर ‘अस्वल’ नव्हतं. बाबांच्या गोष्टींची दुसरी प्रत? नव्हती. या एका वाक्यासाठी डिस्कताईला त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते पुढच्या वेळेसाठी राखून ठेवले.

आपण बाबांचं काम कसं जपायचो हे पटवून द्यायला त्यानं तिला कंप्युटरवर त्यांचं एक जुनं पुस्तक उघडून दाखवलं. आवाजाची नागमोडी रेघ पडद्यावरून चालली होती आणि मध्येच एका ठिकाणी सरळसोट उंच सुळका होता.

"ही टिचकी," तो म्हणाला. "वाचताना चुकलं की बाबा थांबून मेजावर एक टिचकी मारायचे. बोलायचे नाहीत, कारण बोललं की लय जाते. टक केलं की मला कळायचं, चुकलं, मागून घेतोय, म्हणजे मागच्या वाक्यापासून पुन्हा. मी त्या सुळक्यापाशी कापायचो. दुसरे वाचक ‘सॉरी सॉरी’ करतात. बाबा कधी नाही."

सांगता सांगता त्यानं तो सुळका तिला पुन्हा ऐकवला. हा माणूस ते फोल्डर पुसेल यावर तिचा काडीचा विश्वास बसेना. पण विश्वास वेगळा आणि तपास वेगळा. दाराचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे रात्रीतून किंवा पहाटे कुणी आत आलं असेल तर किल्लीनंच आलं असणार. आणि किल्ल्या दोनच, एक बाईंकडे, दुसरी याच्याकडे.

तिनं त्याची किल्ली बघायला मागितली. कानसेननं शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा, मग पुन्हा शर्टाचा. घरी राहिली असेल, तो म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते.

"घरी कुठे?"

"असेल कुठेतरी. ताई, किल्लीचं सोडा ना."

ती बाहेर आली तेव्हा डोक्यात नुसता गुंता होता. डिस्क धडधाकट होती आणि आतलं गायब होतं. हा माणूस सच्चा होता आणि तोच तिच्या तोंडावर खोटं बोलत होता. मालकीणबाईंनी तर निकाल लावूनच टाकला होता. संध्याकाळपर्यंत यानं कबूल केलं नाही तर उद्यापासून येऊ नको, आणि उद्या नवी वाचक येतेय, तिच्यासाठी हीच डिस्क साफ करून वापरायची, धडधाकट तर आहे, नवी कशाला घ्यायची.

३

या प्रकरणात दुसरा एक माणूस होता, आणि तो डिस्कताईच्या घरचाच होता. तिचा धाकटा भाऊ बाबांना घेऊन राहत असे. मागच्याच आठवड्यात तो कानसेनला फोनवर म्हणाला होता की ते सगळं पुसून टाक एकदाचं. हे तिला कानसेननं चाचरत सांगितलं होतं.

भाऊ दुपारच्या वेळी घरीच होता, गॅलरीत कपडे वाळत घालत. तिनं आडवळण न घेता विचारलं. त्यानं चिमटा तोंडात धरून सगळं ऐकून घेतलं, मग चिमटा दोरीला लावला.

"म्हटलं होतं," तो म्हणाला. "आणि खरंच गेलं असेल तर मला वाईट वाटेल असं नाटक मी नाही करणार. बाबा कुणाकडे बघत नाहीत, धड जेवत नाहीत. आपलाच आवाज आठवत बसलेत. अशानं माणूस सावरेल का, तू सांग."

"म्हणून तू पुसलंस?"

"ताई, मला तो कंप्युटर चालू कसा करतात हेसुद्धा माहीत नाही." मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "आणि मला तरी दुसऱ्या कुणी सांगितल्यात का गं त्या गोष्टी?"

त्यानं पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला. मग तो पुढे म्हणाला की बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस, ऐकलं तर ते अंथरूण धरतील. सकाळी बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनाही त्यानं तसं बजावलं होतं. ताईलाही ते पटलं.

बाबा आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते. पायांत बाहेर जायचे बूट. रोज पहाटे ते फिरायला जातात, भावानं सांगितलं, तेवढीच एक चांगली गोष्ट राहिलीय, आज मात्र आल्यापासून बूटही काढले नाहीत. ताईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. पांढऱ्या मऊ केसांत आडवी घडी पडली होती. टोपी घालून फिरत असतील, तिच्या मनात आलं, आणि या उकाड्यात टोपी कशाला, हेही आलं. पण विचारायचं राहून गेलं.

बाबांच्या हाताशी एक खेळण्यातली पाटी असे. त्यावर लिहायचं आणि वरचा कागद ओढला की पुसलं जायचं. ऑपरेशनपासून मोबाइल त्यांनी कपाटात टाकून दिला होता, आता कुणाशी बोलायचं म्हणून. त्यांनी लिहिलं: काम कसं आहे?

"मजेत," ती म्हणाली. लहानपणापासून बाबांशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि आताही तिनं मान वळवली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. त्यांनी लिहायला सुरुवात केली, पहिलं अक्षर उमटलं, दुसरं उमटलं, आणि तेवढ्यात भाऊ पाण्याचे पेले घेऊन आत आला. बाबांनी झटकन कागद ओढला. पाटी कोरी झाली.

४

दुकानात परत आल्यावरही तिचं कशात लक्ष लागेना. कानसेनची किल्ली कुठे होती? भाऊ खरं बोलत होता का? आणि बाबा काय लिहीत होते? प्रत्येक प्रश्नाला एकेक उत्तर सुचे आणि ते पुढच्या प्रश्नात आपटून फुटे. इतक्या वर्षांत तिनं पडलेल्या, भिजलेल्या, एकदा तर कुत्र्यानं चावलेल्या डिस्कमधूनही लोकांची लग्नं नि हिशेब बाहेर काढले होते, आणि बापाचा आवाज मात्र तिला सापडत नव्हता. तिला रडू यायला लागलं होतं आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाइकानं कुणाकडून तरी जुनी डिस्क घेतली होती आणि त्याला तिचं भारी कौतुक होतं. इतकी वापरलेली, तरी तपासणीत एक खोट नाही, असं तो म्हणाला. डिस्कताईनं सवयीनं उत्तर दिलं, मान वर न करता.

"इतक्या वापरानंतर काहीच सापडत नसेल तर विकायच्या आधी कुणीतरी दुरुस्त केली असणार. बारीकसारीक दोष नाही असं कधी होतच नाही."

आणि ती तशीच थांबली. गिऱ्हाईक पुढे काय म्हणालं ते तिला ऐकूच आलं नाही.

स्टुडिओतली डिस्क. मालकीणबाई जी रोज वायरीला धरून उपटतात ती. त्या डिस्कमध्ये एकही दोष नाही? अशी डिस्क दुकानात आली असती तर तपासणीत दोषांची रांग लागली असती. ती निरोगी असूच शकत नव्हती. ती निरोगी दिसत होती, कारण ताईच्या आधी कुणीतरी काळी खिडकी उघडून दुरुस्तीची आज्ञा देऊन गेलं होतं. कुणी पुसून गेलं नव्हतं, दुरुस्त करून गेलं होतं.

मग खटकलेली ती शेवटची ओळ आठवली. मोकळी जागा. उघडून बघितली तर जवळजवळ रिकामी असलेली ती डिस्क आपल्याकडे मोकळी जागा अगदी थोडीच आहे असं सांगत होती. घरात कुणी नाही, पण बसायलाही जागा नाही.

डिस्कमध्ये सामान एकीकडे असतं आणि सामानाच्या नावांची यादी दुसरीकडे. मध्येच काही अपघात झाला तर यादी फाटते. सामान जागच्या जागी असतं, फक्त ते कुणाचं हे कळत नाही. दुरुस्तीची आज्ञा दिली की कंप्युटरला असं बेवारस सामान दिसतं आणि तो थांबून विचारतो: या हरवलेल्या साखळ्यांच्या, म्हणजे बेवारस तुकड्यांच्या, फायली करून ठेवू का? ‘वाय’ दाबलं म्हणजे हो. मग तो त्यांना नुसते आकडे लावून एका लपलेल्या फोल्डरात टाकतो. ‘एन’ दाबलं म्हणजे नाही. मग ती जागा मोकळी म्हणून जाहीर होते. जागा मोकळी झालेली नव्हती. म्हणजे कुणीतरी हो म्हटलं होतं.

कोणी? मालकीणबाईंना माउसच्या पलीकडे काही ठाऊक नव्हतं. कानसेनला आवाजातलं सगळं कळे, पण काळी खिडकी बघितली की तो दोन पावलं मागे सरके. भावाची तर गोष्टच नको. ही आज्ञा देऊ शकेल असा एकच माणूस तिला माहीत होता, कारण त्याला तिनंच शिकवलं होतं. आई गेल्यानंतर बाबांनी कंप्युटर घेतला होता, आणि डिस्क रुसली की ती फोनवरून एकेक अक्षर सांगे. बाबा ते खणखणीत आवाजात परत म्हणून दाखवत, जणू कविताच.

पण त्या शिकवणीत एक पक्का नियम होता. मध्येच कंप्युटरनं काही विचारलं तर काही दाबायचं नाही, आधी मला फोन करायचा. बाबांनी हा नियम कधी मोडला नव्हता. आणि आज बाबांचा फोन आला नव्हता.

म्हणजे बाबा नव्हेत. मग कोण? तिनं डोकं दोन्ही हातांत धरलं. जुळत आलेलं सगळं पुन्हा विस्कटलं होतं.

तेवढ्यात कानसेनचा फोन आला. तो धावत असल्यासारखा बोलत होता. बाईंनी खण उघडलाय, डिस्क जोडलीय, आणि नव्या वाचकबाईंसाठी ती फॉरमॅट करायला बसल्यात, म्हणजे आतलं होतं नव्हतं ते कायमचं साफ.

"हात धर त्यांचा," ती ओरडली. "आणि माझ्या भावाला सांग, बाबांना घेऊन ये. काळ्या खिडकीचं त्यांना विचारायचंय."

५

ती आत शिरली तेव्हा कानसेन कंप्युटर आणि मालकीणबाई यांच्या मध्ये हात पसरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या आडवा आला असावा. बाई संतापानं बोलत होत्या. डिस्कताईनं कुणाला काही समजावलं नाही. ती खुर्चीत बसली, काळी खिडकी उघडली आणि डिस्कवरचं सगळं दाखव, लपलेलंसुद्धा, अशी आज्ञा दिली.

लहान फोल्डरांच्या खाली आणखी एक नाव उमटलं. ते फोल्डर कुणी माणसानं केलेलं नव्हतं, दुरुस्ती करताना कंप्युटरनंच केलेलं होतं. त्यापुढे तारीख आजची, आणि वेळ स्टुडिओ उघडायच्या आधीची, पहाटेची.

"बघितलंत?" मालकीणबाई म्हणाल्या. "पहाटे. किल्ली असणाराच आला होता."

कानसेननं खाली मान घातली. मग त्यानं एकदाचं सांगून टाकलं. त्याची किल्ली त्याच्याकडे नव्हतीच. ती महिनाभर बाबांकडे होती. बाबांनी पाटीवर लिहून मागितली होती. रोज पहाटे, कुणी यायच्या आत, ते इथे बसून हेडफोन लावून आपल्या गोष्टी ऐकत. कुणाला सांगू नकोस असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्यानं शब्द दिला होता. नोकरी गेली असती तरी त्यानं तो मोडला नसता, पण आता पहाटेची वेळच पडद्यावर आली होती.

पांढऱ्या केसांतली आडवी घडी ताईच्या डोळ्यांसमोर आली. टोपी कसली नि फिरणं कसलं.

"पण डिस्क बिघडली कशानं?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग बाईंकडे वळली. "काल तुम्ही निघालात तेव्हा डिस्कवरचा दिवा लुकलुकत होता का?"

"मी दिवे कशाला बघत बसू? रोज निघताना मेन स्विच पाडते. वीज काय फुकट येते?"

बोलता बोलता त्या थांबल्या. कानसेन त्यांच्याकडे बघत होता; तो रोज त्यांच्या आधी निघे, मेन पडतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. काल संध्याकाळी त्याच्या फायली डिस्कवर चढत होत्या, यादी अर्धवट लिहून झाली होती आणि बाईंनी नेहमीच्या काटकसरीनं सगळ्या स्टुडिओची वीज तोडली होती. बाई खाली बसल्या. दिवसभर त्यांनी ज्याला चोर ठरवलं होतं त्याच्याकडे त्यांना बघवेना. चुकलं माझं, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकायची कानसेनला इतकी सवय नव्हती की तोच ओशाळला.

तेवढ्यात दारात भाऊ आणि बाबा आले. बाबांनी कंप्युटर बघितला, डिस्क बघितली, सगळ्यांचे चेहरे बघितले. त्यांना वाटलं पंचायत आपल्यासाठीच बसलीय. त्यांनी पाटी काढली आणि लिहिलं: माझ्या हातून गेलं. कानसेनला बोलू नका.

"काही गेलेलं नाही, बाबा," ती म्हणाली.

लपलेल्या फोल्डरात आकडे लावलेल्या फायली रांगेनं पडल्या होत्या, बिननावाच्या. तिनं पहिलीची एक प्रत आपल्या लॅपटॉपवर घेतली, मूळ फायलीला हात न लावता. मग प्रतीला आवाजाच्या फायलीचं नाव दिलं आणि ती चालू केली. क्षणभर काहीच झालं नाही. तिनं आवाज वाढवला. मग स्पीकरमधून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग बाबा बोलले.

"तर त्या दिवशी अस्वल उठलं आणि म्हणालं, माझा मध कुणी नेला?"

भावानं भिंतीला टेकून तोंड फिरवलं. याच माणसाला दुपारी वाईट वाटणार नव्हतं. कानसेन मात्र डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत होता, कामाचंच ऐकत असल्यासारखा. मालकीणबाई उठून, न सांगता, नवी डिस्क आणायला माणूस धाडायच्या तयारीला लागल्या. एक नको, दोन आणा, असं त्याच म्हणाल्या.

बाबा ऐकत नव्हते. ते लेकीकडे बघत होते.

त्यांनी लिहून सांगितलं ते असं. पहाटे आलो तर कंप्युटर बंद होता. मेन चालू केला, डिस्क उघडली, पण ‘अस्वल’ फोल्डर काही केल्या उघडेना. तेव्हा लेकीनं शिकवलेलं सगळं आठवून काळी खिडकी उघडली. मध्येच त्यानं इंग्रजीत विचारलं. शब्द वाचता आले, अर्थ लागला नाही. एवढंच कळलं की काहीतरी हरवलंय आणि ते ठेवायचं का, असं तो विचारतोय. मी तासभर तसाच बसलो. मग हो म्हटलं. आणि फोल्डरच गेलं.

"पण बाबा," तिनं विचारलं, आणि हे तिला खरंच समजत नव्हतं, "आपला नियम होता ना? काही विचारलं तर आधी मला फोन करायचा. का नाही केलात?"

बाबांनी पाटी बाजूला ठेवली. ते उठले, भिंतीशी ठेवलेल्या स्टुडिओच्या जुन्या फोनपाशी गेले आणि न बघता नंबर फिरवला, पाठ असलेला.

ताईच्या पर्समधला मोबाइल वाजला. पडद्यावर नंबर होता, नाव नव्हतं. पहाटेचाच नंबर.

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. तिनं फोन कानाला लावला. पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास होता, तो तिला खोलीच्या त्या टोकाकडूनही ऐकू येत होता आणि फोनमधूनही. मग बाबांनी रिसीव्हरवर नखानं टिचकी मारली.

टक.

कानसेननं डोळे उघडले. त्याला सांगायची गरज नव्हती, आणि आता तिलाही नव्हती. पहाटे पलीकडची लाइन खराब नव्हती. बाबांनी नियम पाळला होता. फोन केला होता, जे बोलता येत होतं ते सगळं बोलले होते. चुकलं, मागून घेतो, मला सांग. आणि तिनं त्यांना झापलं होतं.

काही बोलायचं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तिचाही आवाज फुटेना. स्पीकरमधून अस्वल अजून मध शोधत जंगलभर हिंडत होतं. मग तिनं मोबाइल तोंडाशी धरला आणि त्याच्या मागच्या बाजूवर नखानं एकदा टक केलं.

खोलीच्या त्या टोकाला, रिसीव्हर कानाला लावून, बाबा हसले.